समासातला 'आधार?' : तायक्वांदोच्या इतिहासाची राहून गेलेली दुरुस्ती



गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर कुणीतरी दहावीच्या वर्षाच्या हस्तलिखिताच्या पानांचे फोटो टाकले. कविता, चुटके, गेरूने काढलेली वारली चित्रं, सगळं बघून आपण एकमेकांची यथेच्छ चेष्टा केली. माझ्या लेखाचं पान मात्र मी दोन-तीनदा मोठं करून पाहिलं. लेखाचं नाव होतं 'तायक्वांदो : दोन हजार वर्षांची परंपरा'. त्यातल्या पहिल्याच वाक्याशेजारी, समासात, पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द होता : 'आधार?' अक्षर इतिहासाच्या बाईंचं. ते मी कुठेही ओळखेन.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९८८ च्या सप्टेंबरात सोलला ऑलिंपिक झालं. टीव्ही असलेल्या मोजक्या घरांत आपण दाटीवाटीने बसून ते पाहिलं. त्या स्पर्धेत तायक्वांदो प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता, आणि आपल्या पी.टी.च्या सरांनी त्याआधी वर्षभर शाळेच्या मागच्या हॉलमध्ये त्याचा वर्ग सुरू केलेला होता. मांजरपाटाचे गणवेश आपण गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतले होते. 'हाना, दुल, सेत, नेत' अशी मोजणी आपण घसा फोडून करायचो आणि सरांनी 'चारिओत!' म्हटलं की ताठ उभे राहायचो. ते शब्द कोरियन आहेत एवढंच माहीत होतं. सरांनी सांगितलं होतं की ही विद्या दोन हजार वर्षांची आहे, तिथल्या राजांच्या थडग्यांत तिची चित्रं आहेत. मी ते सगळं कागदावर उतरवलं आणि संमेलनाच्या हस्तलिखितात दिलं.

बाईंचा तो शब्द वाचून तेव्हा मला राग आला होता. बाईंना खेळाचं वावडं आहे, असं मी चारचौघांत बोललोही. त्यांना उत्तर मात्र दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. हा लेख म्हणजे पस्तीस वर्षं उशिरा दिलेलं ते उत्तर आहे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने माझा कोरियाशी संबंध आला. रांजणगावला एका कोरियन कंपनीत लागलो आणि २००६ मध्ये प्रशिक्षणासाठी सोलला जाणं झालं. एका रविवारी हौसेने कुक्किवॉन पाहायला गेलो. कुक्किवॉन म्हणजे तायक्वांदोचं मुख्य केंद्र. गांगनाम भागात एका टेकाडावर, पारंपरिक धाटणीच्या कौलारू छपराची ही इमारत आहे. जगभरातले ब्लॅक बेल्ट तिथून प्रमाणित होतात. मी भारावून गेलो होतो. बरोबरच्या, माझ्याच वयाच्या कोरियन सहकाऱ्याला मी मोठ्या अभिमानाने 'दोन हजार वर्षां'बद्दल सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "माझे वडील तरुणपणी हेच शिकले, पण ते कधी तायक्वांदो म्हणत नसत. ते तांगसू म्हणायचे."

वडिलांच्या तरुणपणी ज्या विद्येचं नावच वेगळं होतं, ती दोन हजार वर्षांची कशी? परत आल्यावर मी वाचायला लागलो. मिळालं ते माझ्या लेखाच्या अगदी उलट होतं.

आधी माझ्या लेखातले 'पुरावे' बघू. पहिला पुरावा थडग्यांतल्या चित्रांचा. कोगुर्यो नावाचं एक प्राचीन कोरियन राज्य होतं. त्या काळातल्या 'मुयोंगचोंग' या थडग्यात, जे आज चीनच्या हद्दीत आहे, दोन माणसं हात उगारून समोरासमोर उभी असल्याचं चित्र खरोखरच आहे. त्यावरून तेव्हाचे लोक झुंजत होते एवढं कळतं. पण ती झुंज आणि आजचा तायक्वांदो यांच्यामध्ये गुरू, शिष्य, ग्रंथ अशी कोणतीही साखळी सापडत नाही. झुंजणारी माणसं जगातल्या कुठल्याही जुन्या भिंतीवर सापडतील.

दुसरा पुरावा ह्वारांग तरुणांचा. हे सिल्ला राज्यातलं उमरावांच्या मुलांचं पथक. त्यांची माहिती प्रामुख्याने 'सामगुक सागी' (११४५) आणि तेराव्या शतकातला 'सामगुक युसा' या इतिहासग्रंथांतून येते. त्यांची निष्ठा, त्यांचं शौर्य, संगीत, डोंगरदऱ्यांतली भटकंती यांची वर्णनं तिथे आहेत. लाथाबुक्क्यांची शिस्तबद्ध विद्या ते शिकत होते असं मात्र तिथे लिहिलेलं नाही.

तिसरा पुरावा १७९० सालच्या 'मुये दोबो तोंगजी' या ग्रंथाचा. जोंगजो राजाच्या आज्ञेने तयार झालेला हा सचित्र युद्धविद्याग्रंथ अस्सल आहे. त्यात चोवीस विद्या आहेत, पण बहुतेक तलवार, भाला, घोडेस्वारी यांच्या. रिकाम्या हातांचं प्रकरण एकच आहे आणि तेही बरंचसं ची जिग्वांग या चिनी सेनापतीच्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथावर आधारलेलं आहे.

राहिला चौथा पुरावा, तेक्क्योन. हा खरोखर जुना कोरियन खेळ आहे. लयीत पावलं टाकत, पायाने समोरच्याला पाडायचं किंवा उंच लाथ मारायची. १८४६ मधल्या यू सुक या चित्रकाराच्या एका चित्रात गावकरी गोल करून ही लढत पाहताना दिसतात. जपानी अमलात हा खेळ जवळजवळ नामशेष झाला. तो आजवर पोहोचला तो मुख्यतः सोंग दोक-गी (१८९३-१९८७) या एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. १९८३ मध्ये दक्षिण कोरियाने तेक्क्योनला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं, २०११ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. पण तायक्वांदोचे पहिले गुरू घडले ते तेक्क्योनच्या मैदानात नव्हे. ते घडले जपानमध्ये.

हे वाक्य लिहिताना आजही जरा अडखळायला होतं, मग कोरियन माणसाला काय वाटत असेल! १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात शाळांमध्ये जपानी भाषा आली, पुढे तर कोरियन लोकांवर जपानी नावं घेण्याची सक्ती झाली. शाळांतून ज्युदो आणि केंदो शिकवले जात. उच्च शिक्षणासाठी जपानला गेलेल्या काही कोरियन तरुणांनी तिथे कराटे शिकून घेतलं. ली वॉन-गुक आणि नो ब्योंग-जिक हे दोघे तर शोतोकान कराटेचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन यांचेच विद्यार्थी होते. ली वॉन-गुक यांनी १९४४ मध्ये सोलला 'चोंगदोग्वान' नावाची शिकवणी सुरू केली, नो ब्योंग-जिक यांनी केसोंगला 'सोंगमुग्वान'. 'ग्वान' म्हणजे आपल्या भाषेत आखाडा किंवा तालीम म्हणा.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरला, कोरिया सुटला आणि लगोलग उत्तर-दक्षिण असा दुभंगला. त्या धामधुमीत आणखी तालमी निघाल्या. ह्वांग की यांनी 'मुदोकग्वान' काढली. ते मांचुरियात रेल्वेच्या नोकरीत होते, तिथे त्यांनी चिनी विद्या पाहिली होती आणि कराटेची पुस्तकंही अभ्यासली होती. युन ब्योंग-इन यांनी सोलच्या वायएमसीएमध्ये वर्ग घेतले; त्यांना मांचुरियातली चिनी मुष्टिविद्या आणि जपानमधलं कराटे दोन्ही येत होतं. चुन सांग-सोप यांनी एका ज्युदो शाळेत स्वतंत्र विभाग काढला. १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटलं आणि हे शेवटचे दोघे त्यात कायमचे हरवले. त्यांच्या शिष्यांनी त्या तालमी नव्या नावांनी पुढे चालवल्या.

यातल्या बहुतेक तालमींत शिकवलं जाणारं नाव होतं 'तांगसू' नाहीतर 'कोंगसू'. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांचा शब्द इथे येतो. कराटे हा शब्द पूर्वी 'तांग (म्हणजे चिनी) हात' अशा चिन्हांनी लिहीत. १९३० च्या दशकात जपानने ती चिन्हं बदलून 'रिकामा हात' केली. पहिल्या चिन्हांचा कोरियन उच्चार तांगसू, दुसऱ्यांचा कोंगसू. म्हणजे दोन्ही नावं कराटेचीच. कसरतींचे ठरीव संचही तेच : जपानी 'हेइआन' ते कोरियन 'प्योंगआन'. आपण हॉलमध्ये ज्याच्यासाठी जीव टाकायचो तो रंगीत पट्टा आणि 'दान'ची श्रेणी, तीही ज्युदोतून कराटेत आणि तिथून कोरियात आली. माझा हिरवा पट्टा इतका प्रवास करून आला होता हे मला माहीतच नव्हतं.

आता या गोष्टीतला सर्वांत वादग्रस्त माणूस : चोई होंग-ही. जन्म १९१८, आज उत्तर कोरियात असलेल्या भागात. त्यांच्या आठवणींनुसार गावातल्या एका पैलवानाबरोबर जुगारात ते शिक्षणासाठी मिळालेले पैसे हरले, चिडून त्याच्या अंगावर शाईची दौत भिरकावली आणि जपान गाठलं. तो पैलवान परतल्यावर आपल्याला सोडणार नाही या धास्तीने कराटे शिकले. पुढे जपानी सैन्यात सक्तीची भरती, बंडाच्या कटासाठी प्योंगयांगमध्ये तुरुंगवास, स्वातंत्र्यामुळे सुटका आणि मग दक्षिण कोरियाच्या नव्या सैन्यात अधिकारी. सैनिकांना त्यांनी ही विद्या शिकवायला लावली.

युद्ध संपल्यावरच्या एका प्रात्यक्षिकाची हकीकत सगळीकडे सांगितली जाते. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर नाम ते-ही या अधिकाऱ्याने एका ठोशात तेरा कौलं फोडली. म्हाताऱ्या री यांनी लहानपणी पाहिलेला खेळ आठवून म्हटलं, "हे तर तेक्क्योन!" ते तेक्क्योन नव्हतं. पण जपानशी उभं वैर असलेल्या राष्ट्राध्यक्षांना "साहेब, हे कराटे आहे" असं सांगणार कोण? चोई यांनी शब्दकोश धुंडाळून तेक्क्योनशी नाद जुळणारा शब्द शोधला : 'ते' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. ११ एप्रिल १९५५ रोजी एका बैठकीत हे नाव मान्य झालं. माझ्या लेखातल्या दोन हजार वर्षांच्या परंपरेचं बारसं असं माझ्या आईच्या शाळकरी वयात झालेलं आहे!

नाव ठरलं तरी भांडण मिटलं नाही. १९६१ च्या लष्करी उठावानंतर सगळ्या तालमींना एका छत्राखाली आणण्याचा हुकूम निघाला, तेव्हा तडजोड म्हणून 'तेसूदो' हे नाव घेतलं गेलं. चोई तोवर राजदूत म्हणून मलेशियात गेले होते. परतल्यावर त्यांनी संघटनेकडून १९६५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव पुन्हा मान्य करून घेतलं. त्याच वर्षी त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी रचलेले नवे संच आहेत, आणि त्याच पुस्तकात कराटेचे जुने संचही आहेत. आधार शोधणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता हवा?

पण उधारीवर मिळालेल्या या विद्येचं कोरियन लोकांनी काय केलं, तेही पाहिलं पाहिजे. कराटेत हातांचा जोर. यांनी पायांना पुढे आणलं. उंच लाथा, गिरकी घेऊन मारलेल्या लाथा, उडी मारून मारलेल्या लाथा. छातीला जाड कवच बांधून पूर्ण ताकदीने लढायची स्पर्धा त्यांनी विकसित केली. आपण केलेला तायक्वांदो आणि कराटे शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. हे सगळं वीस-पंचवीस वर्षांत झालं.

आणि चोई यांनी नव्या संचांना नावं दिली ती आपल्या माणसांची. 'जुंगगुन' हा संच आन जुंग-गुन यांच्या नावाचा, ज्यांनी १९०९ मध्ये हार्बिन स्थानकावर जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना गोळ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी फाशी पत्करली. त्या संचात बत्तीस हालचाली आहेत. कोरियन पद्धतीने मोजलेलं त्यांचं वय म्हणून. 'चुंगमु' ही जपानी आरमाराला धूळ चारणाऱ्या सेनापती यी सुन-शिन यांची पदवी. परकी सत्ता गाजवणाऱ्यांकडून शिकलेले ठोसे, आणि त्यांना नावं त्याच सत्तेविरुद्ध लढलेल्यांची. मला हे थडग्यांतल्या चित्रांपेक्षा कितीतरी मोठं वाटलं.

पुढची कथा फाटाफुटीची आहे. चोई यांनी १९६६ मध्ये सोलला आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. त्याच वर्षी सोलला कुक्किवॉन उभं राहिलं. १९७३ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा आणि किम उन-योंग यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा, जागतिक महासंघ. १९८० मध्ये चोई आपलं पथक घेऊन उत्तर कोरियात गेले, आणि दक्षिणेत त्यांच्या नावाला जागा उरली नाही. ज्याने नाव दिलं त्याचं नाव इतिहासातून गाळलं गेलं. हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकता झाला. चोई यांच्या संचांपैकी एक 'कोदांग' हा प्योंगयांगमधले गांधीमार्गी नेते चो मान-सिक यांच्या नावाचा होता. उत्तरेत कम्युनिस्ट राजवट येताना त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं आणि ते पुन्हा बाहेर दिसले नाहीत. १९८० च्या दशकात चोई यांनी हा संच काढून त्याजागी 'जुचे' आणला. जुचे म्हणजे उत्तर कोरियाची अधिकृत विचारसरणी.

माझ्या शाळकरी लेखातली 'दोन हजार वर्षं' याच काळात घट्ट झाली. ऑलिंपिकची तयारी होती, जगाला सांगायला एक प्राचीन वारसा हवा होता, आणि 'आम्ही हे जपानकडून घेतलं' असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. थडगी, ह्वारांग, तेक्क्योन यांची माळ ओवून ती परिचयपुस्तकांत छापली गेली आणि ती पुस्तकं देशोदेशी गेली. गंमत म्हणजे ती माळ सोडवून दाखवली तीही कोरियातल्याच अभ्यासकांनी, १९८० च्या दशकापासून. २००० मध्ये सिडनीला तायक्वांदो ऑलिंपिकचा पदकांचा खेळ झाला. चोई २००२ मध्ये प्योंगयांगला वारले, तिथेच त्यांचं दफन झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी उत्तर आणि दक्षिणेच्या पथकांनी एकत्र प्रात्यक्षिक केलं. मी ते फोनवर पाहिलं. दोघांच्या लाथा वेगळ्या होत्या, 'चारिओत' एकच होतं.

हे सगळं लिहायच्या आधी मी सरांकडे गेलो. सरांनी इतक्या मायेने शिकवलेलं खोडून काढायचं, आणि तेही स्मरणिकेत, हे मनाला पटत नव्हतं. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं. मी सगळं मोठ्याने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, आम्हाला शिबिरात एक सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका मिळाली होती. त्यात होतं तेच तुम्हाला सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर मीही शोधलं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "बाईंनी विचारलं होतं की नाही? मग त्यांना उत्तर दे."

तर बाई, आपण संमेलनाला येणार आहात असं कळलं, म्हणून उत्तर इथे देतो. दोन हजार वर्षांना आधार नाही. आधार आहे तो साधारण ऐंशी वर्षांना : ज्यांचं राज्य, भाषा आणि नावंसुद्धा हिरावली गेली होती, त्यांनी राज्यकर्त्यांकडूनच एक विद्या घेतली, घासूनपुसून बदलली आणि आपली केली. तुम्ही तो शब्द पेन्सिलीने लिहिला होता, शाईने नाही. दुरुस्तीला जागा ठेवली होती, हे मला आज कळतं. तेव्हा रागावलो, त्याबद्दल माफ करा.

आणि मित्रांनो, संमेलनाच्या दिवशी चहानंतर मागच्या हॉलमध्ये जमायचं आहे. सरांनी 'चारिओत' म्हणायचं कबूल केलंय. ज्यांचे गुडघे साथ देतील त्यांनी रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांनी मोजायचं : हाना, दुल, सेत, नेत.